भाऊबीजेची ओव्याची बिस्किटं

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत आत्तींनी मला हाक मारली ती थेट कामाची.

"ए पोरी, चप्पल घाल. बेकरीत जायाचं हाय."

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर कर्नाटकाच्या हद्दीला लागून. तिकडं सासूला आत्ती म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. म्हणायला लागले म्हणजे काय, तोवर त्यांना हाक मारायची वेळच फारशी आली नव्हती. लग्नाला पाच महिने झाले होते आणि आमचं बोलणं चालायचं ते दूध तापलं का, नळाला पाणी आलं का, दाराला कडी लाव, एवढंच.

त्यांचाही दोष नव्हता. आम्ही दोघांनी आपसात ठरवून, दोन मित्रांना साक्षीला घेऊन, कचेरीत सह्या करून लग्न उरकलं होतं. माझं माहेर कोडोलीचं. ऊस, चार म्हशी, मराठ्याचं घर. सासर कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं, लिंगायताचं, किराणा मालाचं दुकान असलेलं. माझ्या वडिलांनी, आबांनी, हे कळल्यावर गावात चार माणसांसमोर सांगून टाकलं होतं, "त्या घरचं पाणी प्यालो तर मिशा उतरवीन." सासरी असं काही कुणी बोललं नाही. मामंजी म्हणाले, "आलीयास, आता ऱ्हा." आत्तींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मला आत घेतलं आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्यानंतर कामाचं सोडून एक शब्द नाही. आरडाओरडा झाला असता तर बरं, असं मला वाटायचं. आमच्या घरात राग आला की भांडी वाजायची आणि संध्याकाळपर्यंत सगळं शांत व्हायचं. इथं भांडं वाजत नव्हतं आणि शांतही होत नव्हतं.

तर त्या दिवशी मी चप्पल घातली आणि त्यांच्या मागं निघाले. त्यांच्या हातात मैद्याचा मोठा डबा, माझ्या हातात पिशवी. पिशवीत तुपाची बरणी, दह्याचं झाकणाचं भांडं, ओवा, मिरी, हिरव्या मिरच्या, कढीलिंबाच्या काड्या आणि मिठाची डबी.

दिवाळीचा फराळ त्या घरात घरीच व्हायचा, पण बिस्किटं मात्र भट्टीत. आणि गोड नाहीत, तिखटमिठाची. भाऊबीजेच्या संध्याकाळी तिन्ही नणंदा, त्यांचे नवरे, मुलं असं सगळं घर जेवायला जमायचं. मसालेभात, भरली वांगी, शेंगाची पोळी आणि टोमॅटोचं सार. त्या साराबरोबर पापड नाही, ही बिस्किटं. मामंजींना लहानपणापासून तशी सवय होती. साराची वाटी उचलायची, बिस्किटाचा अर्धा तुकडा त्यात बुडवायचा आणि भिजून पडायच्या आत तोंडात टाकायचा. मला हे सगळं नंतर कळलं. त्या दिवशी मला फक्त एवढंच कळत होतं की आत्ती भराभर चालतात आणि मागं वळून बघत नाहीत.

बेकरी दोन गल्ल्या सोडून होती. पुढं पाव-खारीचं दुकान आणि मागं भट्टीची लांबट खोली. दिवाळीच्या आधीचे आठ दिवस ती खोली पेठेतल्या बायकांची. प्रत्येकीच्या डब्यावर खडूनं नंबर लिहिलेला. मधोमध एक लांब लाकडी टेबल, त्यावर ज्या बाईचा नंबर असेल तिनं आपलं पीठ मळायचं, लाटायचं, कापायचं आणि ट्रेत लावून द्यायचं. भट्टीत लाकडं जाळून आतल्या विटा तापवलेल्या असायच्या. बेकरीवाले चाचा निखारे एका अंगाला ओढून लांब दांड्याच्या फळीनं ट्रे आत सरकवायचे. घड्याळाकडं ते बघायचे नाहीत. वास आला की म्हणायचे, "झालं. कुणाचं हाय, घ्या."

आमचा नंबर आला. आत्तींनी मैद्याचा ढीग केला, मधे खड्डा करून तूप ओतलं आणि तळहातांनी चोळायला लागल्या. "मुठीत धरल्यावर लाडू झाला पायजे आणि बोटानं ढकलला की फुटला पायजे," त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या की भट्टीला, हे मला कळेना, कारण त्या खालीच बघत होत्या. मग त्यांनी माझ्यासमोर पाटा सरकवला. "मिरी भरड वाट. मिरच्या बारीक चीर. आणि ओवा हातावर चोळून टाक, नुस्ता टाकू नगं."

मी वाटायला घेतलं. शेजारी आपल्या ट्रेची वाट बघत उभी असलेली एक जाडजूड बाई मला न्याहाळत होती.

"नवी सून व्हय?" तिनं आत्तींना विचारलं.

"व्हय."

"कुठली?"

"कोडोलीची."

"कोडोलीत आपली बी घरं हायत की. कुणाच्यातली?"

माझे हात थांबले. टेबलाभोवतीच्या सात-आठ बायकांचे कान आमच्याकडं लागलेत हे मान वर न करताही कळत होतं. सगळ्या पेठेला ठाऊक होतं, हिलाही असणारच. आत्तींच्या तोंडून ऐकायचं होतं, एवढंच.

आत्तींनी पिठातला हात न काढता सांगितलं, "आपल्यातली न्हवं. मराठ्याची हाय. का गं, बिस्किटं मळायला जात लागती व्हय? सरक तिकडं, मला ट्रे ठेवू दे."

ती बाई सरकली. भट्टीपुढं उभे असलेले चाचा मोठ्यानं हसले आणि हसता हसता खोकायला लागले. बाकीच्या बायका आपापल्या कामाला लागल्या. मी तशीच पाट्यावर वाकून राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मिरच्या चिरत होते, त्यामुळं ते खपून गेलं.

आत्ती माझ्या बाजूनं बोलल्या होत्या. पाच महिन्यांत पहिल्यांदा. ते सोपं वाक्य माझ्या डोक्यात इतकं फिरत राहिलं की पुढचं काम मी कसं केलं ते मला आठवत नाही. दही घातलं, चिमूटभर साखर घातली, सोडा घातला. आत्तींनी पीठ मळलं, लाटलं. मी वाटीच्या काठानं गोल कापले, काट्यानं टोचे मारले, ट्रे भरले. चार ट्रे निघाले. घरी येताना डबा गरम होता. मी तो पोटाशी धरून आणला.

भाऊबीजेच्या संध्याकाळी पंगत बसली. मामंजींनी साराची वाटी उचलली, बिस्किट बुडवलं, तोंडात टाकलं आणि थांबले. चावले. परत थांबले.

"ह्यात मीठ न्हाई," ते म्हणाले.

थोरल्या नणंदेनं चावून बघितलं. "व्हय की. कणभर बी न्हाई."

मला आठवलं. मिठाची डबी. ती पिशवीत होती, पिशवीतून मी ती काढलीच नव्हती. घरी येऊन पिशवी खुंटीला अडकवली होती आणि डबी अजून तिथंच होती. मी तोंड उघडणार इतक्यात स्वयंपाकघराच्या दारातून आत्ती म्हणाल्या, "मीच इसरले. वय झालं माझं. दही-चटणी लावून खावा गप."

मग शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आला, दह्याचं भांडं आलं, आणि बिनमिठाच्या बिस्किटांवर दह्यात कालवलेली चटणी थापून सगळ्यांनी खायला सुरुवात केली. लहान पोरांना ते साराहून जास्त आवडलं. डबा त्याच संध्याकाळी अर्धा झाला. आवराआवर करताना मी आत्तींजवळ गेले.

"आत्ती, मीठ माझ्याकडं होतं."

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "ती पितळी भांडी आज नगं घासू, भिजू देत." आणि निजायला गेल्या.

तिथून आमचं बोलणं सुरू झालं असं म्हणता येईल. एकदम नाही. पण त्या मला पुढं कधी दुधाबद्दल सांगता सांगता त्यांच्या माहेरच्या एखाद्या माणसाबद्दल सांगायच्या, मधे कानडी शब्द यायचे, मला कळायचे नाहीत आणि मी विचारायचे. संक्रांतीपर्यंत मला बरंच कानडी कळायला लागलं होतं. रागावल्या की त्या कानडीत जायच्या, म्हणून ते शिकणं भाग होतं.

माहेरचं मात्र बंदच होतं. आई वर्षातून एक-दोनदा बाजाराच्या निमित्तानं कोल्हापूरला यायची आणि देवळापाशी मला भेटायची. तिच्या पिशवीत माझ्यासाठी लोण्याचा गोळा असायचा. दुसऱ्या दिवाळीत धाकटा भाऊ एकटा येऊन ओवाळून घेऊन गेला. आबांचं नाव काढलं की तो म्हणायचा, "बोलत्यात की. म्हशीबरोबर बोलत्यात."

तिसऱ्या दिवाळीच्या आधी माझी मुलगी झाली. आबांना निरोप गेला. तिकडून काही आलं नाही.

त्या वर्षी बिस्किटांचं सगळं मी एकटीनं केलं. मुलगी पाच महिन्यांची. तिला घेऊन आत्ती घरी थांबल्या आणि मला म्हणाल्या, "जा तू. आता येतंय तुला." मी मीठ सगळ्यात आधी घातलं. चाचांनी ट्रे बाहेर काढला तेव्हा एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि मान हलवली. चाचा बिस्किटाला कधी चांगलं म्हणायचे नाहीत. मान हलवणं म्हणजे पास.

भाऊबीजेला दुपारी चारच्या सुमाराला गल्लीत मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. मी खिडकीतून बघितलं. गाडीवर पुढं आबा होते. मागं धाकटा भाऊ, त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

नंतर भावानं सांगितलं ते असं. आठ दिवसांपूर्वी तो उसाच्या ट्रॉलीवरून पडला होता. हात मोडलेला, गाडी चालवता येत नव्हती. पण भाऊबीजेला जाणारच म्हणून हटून बसला. एसटीनं गर्दीत धक्के खात गेला तर हात पुन्हा मोडेल म्हणून आई आबांना म्हणाली, "तुमीच सोडा त्याला." आबा म्हणाले, "सोडतो. दारात सोडतो आणि कोपऱ्यावर थांबतो."

पण आमच्या गल्लीचा कोपरा भाऊबीजेच्या दिवशी थांबण्यासारखा नव्हता. फुगेवाले, रिक्षा, पाव्हण्यांच्या गाड्या. आबांना आमच्या दारासमोरच थांबावं लागलं. भाऊ आत आला. आबा गाडीवर बसून राहिले, तोंड दुसऱ्या बाजूला करून.

मी दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यात अडकले. हाक मारावी तर ते काय करतील याची भीती. न मारावी तर बाप दारात आणि लेक आत. नवरा माझ्या मागं येऊन उभा राहिला. तेवढ्यात आत्ती मुलीला नणंदेकडं देऊन पदर सावरत बाहेर गेल्या.

"पावणं, आत या."

"न्हाय. हितंच बरं हाय," आबा म्हणाले.

"बरं."

आत्ती आत आल्या. मला वाटलं संपलं. त्यांनी लाकडी खुर्ची उचलली, बाहेर नेऊन गल्लीत गाडीशेजारी ठेवली. "गाडीवर बसून कंबर दुखंल. हितं बसा. गल्ली काय आमची न्हाई, महापालिकेची हाय."

आबा बघत राहिले. समोरच्या घरातली माणसंही बघत होती. खुर्चीवर न बसणं आता जास्त वाईट दिसलं असतं. ते बसले.

आत्ती परत आत आल्या आणि बशीभर बिस्किटं घेऊन गेल्या.

"मी खाऊन आलोय," आबा म्हणाले.

"आसंल की. पण ही काय आमच्या चुलीवरची न्हाईत. बेकरीच्या भट्टीतली हायत. सगळ्या पेठंची तितंच भाजत्यात." त्यांनी बशी पुढं केली. "मळल्यात तुमच्या लेकीनं. आम्ही हात बी लावला न्हाई."

आबांनी बशीकडं बघितलं. मी उंबऱ्यातून त्यांच्याकडं बघत होते. अडीच वर्षांत त्यांच्या कानावरचे केस पांढरे झाले होते. त्यांनी एक बिस्किट उचललं, उलटं करून खालची बाजू बघितली, जशी ते बाजारात कुठलीही वस्तू बघायचे, आणि खाल्लं. मग दुसरं. मग तिसरं. आत्ती तिथंच उभ्या होत्या, हात पोटाशी धरून, जणू आपल्याला दुसरं काही कामच नाही.

पाचव्या बिस्किटाला त्यांना ठसका लागला. मिरची, मिरी आणि वर ते कोरडं पीठ. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, चेहरा लाल झाला. भाऊ धावला, पण मोडक्या हातानं पाठ कशी थोपटणार? मी आत पळाले, तांब्या भरला आणि घेऊन आले, पण दारात आत्तींनी तो माझ्या हातातून घेतला.

त्या आबांसमोर तांब्या धरून म्हणाल्या, "पावणं, पाणी मातूर आमच्याच नळाचं हाय. बघा बाबा."

सगळी गल्ली ऐकत होती. आबांनी खोकत खोकत त्यांच्याकडं बघितलं. मग तांब्या घेतला आणि वरून धार धरून घटाघटा प्याले. निम्मं धोतरावर सांडलं. आणि मग, मला अजून खरं वाटत नाही, हसले. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात.

"वस्ताद हायसा की तुमी," ते आत्तींना म्हणाले.

"तुमी काय कमी हायसा?" आत्ती म्हणाल्या. "आता मिशा उतरवू नगासा, दिवाळीचा सण हाय. आत या."

ती शपथ आत्तींपर्यंत कुणी पोचवली होती कोण जाणे. आबा उठले, तांब्या हातात घेऊन दारात आले. मी बाजूला झाले. त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "ओवा जरा जास्त झालाय."

अडीच वर्षांनंतरचं पहिलं वाक्य हे.

"पुढच्या वेळी कमी घालते," मी म्हणाले. एवढंच जमलं.

मग नणंदेनं मुलीला त्यांच्या हातात दिलं. तिनं त्यांच्या मिशा धरल्या. पुढचं मला नीट दिसलं नाही, कारण मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडत होते आणि माझा नवरा शेजारी उभा राहून उगाचच सार ढवळत होता.

त्या संध्याकाळी आबा जेवायला थांबले. पुढच्या वर्षी आईही आली. मग तो रिवाजच झाला. भाऊबीजेचं जेवण दोन्ही घरांचं, आमच्याकडं. माणसं वाढत गेली, पीठ दोन किलोवरून चार किलोवर गेलं. आबा आणि मामंजी शेजारी बसायचे आणि साखर कारखान्यापासून पावसापर्यंत सगळ्यावर वाद घालायचे. बिस्किट सारात बुडवून खायला मात्र आबा कधीच शिकले नाहीत. त्यांना ते कोरडंच लागायचं, तांब्या जवळ ठेवून.

आत्ती कोडोलीला जायच्या, पण तिथं जेवल्या नाहीत. आबांना त्यांनी पहिल्याच खेपेला तोंडावर सांगितलं होतं, "तुमच्या भांड्यात मटण शिजतंय. मला जमणार न्हाई. मनाला लावून घेऊ नगासा." मला वाटलं, झालं, पुन्हा अडीच वर्षं. दुसऱ्या दिवशी आबांनी बाजारातून एक नवं स्टीलचं पातेलं आणि दोन कप आणले, माडीवरच्या फळीवर ठेवले आणि घरात सगळ्यांना बजावलं, "हे ईनबाईंच्या चहाचं. ह्याला दुसरं काय लागलं तर बघा." आत्ती गेल्या की त्या पातेल्यात म्हशीच्या दुधाचा चहा व्हायचा. त्या स्वतःच्या डब्यातली दोन बिस्किटं काढून खायच्या, वर चहा प्यायच्या आणि चार वाजता परत निघायच्या. काही अंतरं तशीच राहिली. पण त्यांतही माणसांनी आपापल्या परीनं एकमेकांसाठी जागा ठेवली.

चाचा थकले आणि भट्टी बंद झाली त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या मुलांना त्या कामात रस नव्हता, आणि लाकडाची भट्टी पेठेत चालवणं अवघडही झालं होतं. पुढचं दुकान अजून आहे, पाव बाहेरून येतो. बंद होण्याआधीच्या दिवाळीत मी गेले तेव्हा चाचा भट्टीसमोर स्टुलावर बसले होते आणि त्यांचा मुलगा ट्रे सरकवत होता. चाचा डोळे मिटून बसले होते. मधेच म्हणाले, "काढ. करपतंय." मुलगा म्हणाला, "आजून पाच मिनिटं हायत अब्बा." "काढ म्हणतो न्हवं." काढलं तर कडा बरोबर बदामी झालेल्या.

मग मी घरी ओव्हन घेतला. आत्ती तेव्हा ऐंशीच्या पुढं होत्या, गुडघे गेलेले, पण स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायच्या. ओव्हन लावला, आत दिवा लागला आणि काचेतून ट्रे दिसायला लागला, तेव्हा त्या बराच वेळ वाकून बघत बसल्या.

"ही काय भट्टी न्हवं," शेवटी म्हणाल्या. "ह्यो टीव्ही हाय."

पहिला घाणा मागच्या बाजूनं करपला आणि पुढून कच्चा राहिला. आत्ती म्हणाल्या, "ट्रे फिरव अर्ध्यात. चाचा फिरवायचे, बघितलं न्हाईस व्हय इतकी वर्षं?" खरंच बघितलं नव्हतं. मी इतकी वर्षं भट्टीपुढं उभी राहिले आणि चाचांच्या हाताकडं बघितलंच नाही, बायकांच्या गप्पा ऐकत राहिले. आत्ती त्या टेबलाशी पीठ मळतानाही सगळं बघत असायच्या.

दुसरा घाणा जमला. त्यांनी एक बिस्किट दुधात भिजवून खाल्लं. दात नव्हते. "भट्टीचा धूर न्हाई ह्यात," त्या म्हणाल्या. "पर आसू दे. मीठ हाय." आणि माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. इतक्या वर्षांत त्या विषयावर त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

आत्तींना जाऊन चार वर्षं झाली. मामंजी त्यांच्या आधीच गेले होते, आई आत्तींच्या नंतर. आता त्या पिढीतले आबाच उरलेत.

या वर्षी भाऊबीजेच्या आदल्या दिवशी सकाळीच मी मळायला घेतलं. मुलगी पुण्याहून सुट्टीला आलेली. ती बिस्किटं कापत होती, फोनवर गाणी लावून, आणि दर दोन मिनिटांनी एक कच्चा तुकडा तोंडात टाकत होती. तिसरा ट्रे आत असताना वीज गेली. दिवाळीत आमच्या भागात ताण आला की जाते. मी ओव्हनचं दार न उघडता तसंच ठेवलं. तासाभरानं वीज आली तोवर आतल्या उबेवरच बिस्किटं निम्मी भाजून बसली होती. पुन्हा लावली. नेहमीपेक्षा कडक झाली, पण खुसखुशीत.

संध्याकाळी भावाचा फोन आला. आबांना दोन दिवस ताप होता, आता उतरलाय, पण गाडीत बसवून आणणं जमणार नाही. "तुम्ही आपलं जेवण करून घ्या, ताई. आम्ही न्हाई येत ह्या वर्षी."

मी फोन ठेवला आणि मुलीला सांगितलं. मुलगी म्हणाली, "मग आपण जाऊया की तिकडं. त्यात काय?"

खरंच, त्यात काय? पण इतक्या वर्षांत हे जेवण आमच्या घराबाहेर कधी झालं नव्हतं. मी नणंदांना फोन लावले. थोरली म्हणाली, "कोडोलीला? सगळ्यांनी?" मग म्हणाली, "वांगी मी भरून आणते. तुझ्या वहिनीला सांग, नुस्ता भात टाकायचा."

दुसऱ्या दिवशी तीन गाड्या निघाल्या. साराचं पातेलं माझ्या पायांत, झाकणाला फडकं बांधलेलं. वळणावर ते हिंदकळलं की मुलगी मागून ओरडायची. बिस्किटांचे दोन डबे नवऱ्याच्या मांडीवर. कोडोलीच्या अलीकडं ऊस रस्त्यावर वाकलेला होता आणि दोन ठिकाणी तोड सुरू झाली होती.

आबा अंगणात खाटेवर बसले होते, डोक्याला मफलर, पाय रजईत. एवढी माणसं उतरताना बघून ते गोंधळले. "कोण गेलं?" त्यांनी भावाला विचारलं.

"कुणी न्हाई गेलं आबा. जेवायला आल्यात सगळी."

"आँ?"

"जेवायला! भाऊबीज हाय!"

"मग आसं सांग की."

मी भावाला ओवाळलं. नणंदांनी त्यांच्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिथंच ओवाळलं, एकाच ताटातल्या निरांजनानं. नणंदा पहिल्यांदाच त्या घरात जेवायला बसणार होत्या. वहिनीनं सकाळपासून सगळी भांडी दोनदा घासून उन्हात ठेवली होती. कुणी तिला सांगितलं नव्हतं. थोरल्या नणंदेनं ते बघितलं, पदर खोचला आणि वहिनीबरोबर ताटं मांडायला लागली.

आबांना पंगतीत बसवणं शक्य नव्हतं. त्यांच्या खाटेपुढं स्टूल ठेवलं, त्यावर वाटीत गरम दूध आणि चार बिस्किटं. कडक झाली होती म्हणून मी स्वतः एक कुस्करून दुधात घातलं. त्यांनी हातानं मला थांबवलं आणि दुसरं बिस्किट स्वतः मोडलं. निम्मा चुरा रजईवर पडला. चमच्यानं सावकाश खात राहिले. मधे एकदा मान वर करून अंगणातल्या सगळ्या माणसांकडं बघितलं, एकेकाकडं, जशी मोजणी करावी तसं.

"बरी आली सगळी," ते म्हणाले.

आम्ही जेवायला बसलो. गोठ्यात म्हैस हंबरत होती, पोरं चटणीच्या डब्यावरून भांडत होती, धाकट्या नणंदेचा नवरा साराची तिसरी वाटी मागत होता. मी वाढता वाढता खाटेकडं बघितलं तर आबा बसल्या बसल्या झोपले होते, चमचा हातात धरून. वहिनीनं हळूच चमचा सोडवला, वाटी उचलली, रजई गळ्यापर्यंत ओढली. मग मागं वळून तिनं ओठांवर बोट ठेवलं. पोरंसुद्धा गप्प झाली. आवाज बारीक करून आम्ही जेवत राहिलो.